तीन ग्रॅमचे आजोबा

४ मार्च, बुधवार

मुंगळे,

सगळ्यात आधी टपकल्या त्या शिवणकाकू. तुझ्या कंपनीची माणसं अकराला यायची होती आणि ही बाई सव्वानऊलाच दारात उभी, हातात पँटचा एकच पाय. म्हणे सुई मोडली, असली तर द्या. जन्मभर शिलाई मशीन चालवणारी बाई सुई मागायला गादीवालीकडे! आमच्या सुया वीतभर लांब. मी खुर्ची सरकवली. तिच्या मागोमाग हेडमास्तर. त्यांनी तर निमित्तसुद्धा आणलं नव्हतं. "मी साक्षीदार म्हणून आलोय," म्हणाले आणि पंख्याखालची जागा धरली. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, पण गल्लीची हजेरी घ्यायचं काही सुटत नाही.

मग आली तुझी माणसं. एक उंच मुलगा, पांढरेशुभ्र बूट घातलेला. दुकानात सगळीकडे कापूस उडतो, तर हा सारखा पाय झटकतोय, आणि बुटावर काही दिसत तर नाही, दोन्ही पांढरं. दुसरी एक मुलगी, छातीशी पेटी धरलेली, तान्हं बाळ धरावं तशी. नावं सांगितली दोघांनी, पण मी आपली पांढरे बूट आणि पेटीवाली एवढंच लक्षात ठेवलंय. रागवू नकोस.

पांढरे बूट म्हणाला, "आजी, आजोबांची कॅसेट आम्ही एवढी दाबणार की ती पोस्टकार्डावर मावेल."

हेडमास्तर ओरडले, "अशक्य!"

शिवणकाकू म्हणाल्या, "पत्त्याच्या बाजूला की मागच्या?"

मी म्हटलं, दाबा की. दाबण्यातच माझं आयुष्य गेलं. खोलीभर कापूस एका पोत्यात बसतो आणि उन्हात टाकला की परत खोलीभर होतो, हे मी रोज बघते. कापूस अस्सल असला म्हणजे झालं.

कॅसेट कुठली ते तुला ठाऊकच आहे. भाऊजींनी नवा कॅमेरा आणला तेव्हा दुकानात येऊन ह्यांचं चित्रण केलेलं, ती. बावीस मिनिटं. हे गादी शिवतायत आणि मी मागून ओरडतेय, "अहो, इकडे बघा की!" आणि हे काही बघत नाहीत. ह्यांचं हलतंबोलतं असं जगात तेवढंच आहे. दर रविवारी जेवण झालं की मी लावते. व्हीसीआरला आधी एक चापट मारावी लागते.

पेटीने कॅसेट गिळली, बावीस मिनिटं घुर्रघुर्र केलं आणि पोस्टकार्ड बाहेर टाकलं. सहा ओळी, मुंगीएवढी अक्षरं. मला काही राहवेना. उठले, काट्यावर कॅसेट ठेवली, दोनशे दहा ग्रॅम. पोस्टकार्ड ठेवलं, तीन ग्रॅम. म्हटलं, "बाळा, मग दोनशे सात ग्रॅम म्हातारा गेला कुठे?"

"वजन नाही हो आजी, माहिती," तो म्हणाला.

हेडमास्तर उभेच राहिले. "लबाडी आहे! यांनी आत नक्कल लपवली असणार. पोस्टकार्डाचं नाव करून तीच दाखवतील. जोवर मूळ कॅसेट शिल्लक आहे, तोवर मी मानणार नाही!"

मला वाटलं मुलगा चिडेल. उलट तो खूश! म्हणाला, आम्हीही हेच म्हणतो. बावीस तारखेला सभागृहात सगळ्यांसमोर मूळ कॅसेट जाळायची आणि पोस्टकार्डावरून आजोबा परत आणायचे. तोवर कुणी नक्कल करू नये म्हणून हेडमास्तरांनी कॅसेटला कागद चिकटवला, त्यावर तिरकी सही ठोकली आणि मलाच सांभाळायला दिली. म्हणजे आता तीन रविवार मलाही बघायची नाही.

मी हो म्हटलं. तू आहेस ना तिथे, मग मला कसली भीती! तुमच्या त्या इमारतीत फोन दाराशीच काढून घेतात, म्हणून एवढं लिहिलं. चहा तिघांनी दोन-दोनदा घेतला, पांढऱ्या बुटाने तीनदा. जेवत जा.

आजी


९ मार्च

आजी,

तुझं पत्र इथे सगळ्यांनी मागून मागून वाचलं. "दोनशे सात ग्रॅम म्हातारा" आता आमच्या जेवणघरात रोज ऐकू येतं.

पण बाहेर आमची फार थट्टा चाललीय गं. एका पेपरात काडेपेटीत हत्ती कोंबणारा माणूस काढला होता, खाली आमच्या कंपनीचं नाव. टीव्हीवर एक प्राध्यापक म्हणाले की हे तंत्रज्ञान नसून हातचलाखी आहे. मोठे साहेब म्हणतात, तज्ज्ञांशी वाद घालून उपयोग नाही. ज्या बाईला एखादी फीत पाठ आहे, अशा साध्या बाईने सगळ्यांसमोर "हो, हाच तो" म्हणायला हवं. तुझं नाव मी सुचवलं. त्या दिवसापासून साहेब मला नावाने हाक मारतात. आधी "ती खिडकीजवळची" म्हणायचे. बावीस तारीख नीट पार पडली तर माझी नोकरी पक्की होईल.

काळजी करू नकोस. जसंच्या तसं परत येतं.

आणि हो, आजोबा टाका कुठल्या हाताने घालायचे गं? सहजच विचारते.

तुझी मुंगळी


१३ मार्च, शुक्रवार

मुंगळे,

डाव्या. सख्ख्या आजोबांचा हात विचारतेस? आणि मौज बघ, तुझं पत्र आलं त्याच दिवशी दुपारी तुझी माणसं आली, तालीम करायला. पोस्टकार्ड पेटीच्या तोंडाशी धरलं आणि टीव्हीवर ह्यांना उघडलं.

उघडलं, आणि मी तोंडाला पदर लावून बसले. रडत नव्हते गं, हसू आवरत नव्हतं. हे उजव्या हाताने शिवतायत! पुढचे दोन दात, जे तुझी आई तीन वर्षांची असताना पडले, ते परत आलेत. शर्ट इस्त्रीचा. आणि मी मागून ओरडले, "अहो, इकडे बघा की!" तर ह्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "ये, बस."

चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस मला "ये, बस" म्हणाला नाही. दुकानात बसायला वेळ होता कुणाला!

खऱ्या कॅसेटमध्ये हे मान खाली घालून म्हणतात, "शिवण वाकडी जाईल." असं मला आठवतं. पण कॅसेट पडलीय कागद चिकटवून, लावून बघायची सोय नाही. दोन रात्री मी विचार करतेय, की मीच विसरले? म्हातारपणी डोकं पिंजल्यासारखं होतं, कुठला तंतू कुठे जाईल सांगता येत नाही.

गल्लीत तर विचारू नकोस. तुझ्या माणसांनी सगळ्यांना सांगितलं, आणा तुमच्या फिती, फुकट दाबून उघडून देतो. शिवणकाकूंच्या लग्नाच्या फितीत त्यांच्या सासूबाई हसल्या. आयुष्यात पहिल्यांदा, आणि तेही जाऊन बारा वर्षं झाल्यावर. काकूंनी ती फीत चारदा लावली आणि म्हणाल्या, "बघा, मनाने वाईट नव्हत्याच." आणि हेडमास्तर! त्यांच्या निरोप समारंभाला अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या, मी स्वतः होते ना, पाय दुखले म्हणून दोन खुर्च्या घेऊन बसले होते. आता फितीत सभागृह तुडुंब, भाषणाला टाळ्यांवर टाळ्या, एकजण तर डोळे पुसतोय. परवापर्यंत लबाडी लबाडी ओरडणारा माणूस कालपासून दारोदार सांगतोय, "विज्ञानापुढे मान झुकवायला शिकलं पाहिजे." पोस्टकार्डाचं नावसुद्धा कुणी काढत नाही आता. एवढं सगळं एवढ्याशा कागदात कसं मावलं, हे विचारणारी गल्लीत मी एकटीच उरले.

आमच्या धंद्यात एक आहे बघ. जितका कापूस भरला त्याहून गादी जास्त फुगली, तर आत कुणीतरी दुसरं काहीतरी कोंबलेलं असतं. उसवून बघायची.

तुला हात कशाला हवा होता?

आजी


१७ मार्च

आजी,

तू विसरली नाहीस. डोकं शाबूत आहे तुझं.

खोटं बोलवत नाही म्हणून लिहिते. यंत्र सगळं दाबत नाही. थोडंसंच ठेवतं: एक माणूस, एक खोली, सुई, मागून बाईची हाक. बाकी सगळं टाकून देतं. मग उघडताना अंदाजाने भरतं. त्याने लाखो फिती बघितल्यात. बहुतेक माणसं उजव्या हाताने काम करतात. हाक मारली की बहुतेक माणसं वर बघतात. म्हणून आजोबा वर बघतात.

मी साहेबांना विचारलं, हे लोकांना सांगायचं का? ते म्हणाले, "तक्रार कुणाची आहे?" खरंच कुणाचीच नाही.

आजी, मी फार अडकलेय. साहेबांनी माझ्या नावाच्या पाट्यासुद्धा करून ठेवल्यात. एका शब्दाचा प्रश्न आहे, "हाच" एवढंच म्हण. आजोबा तुला पाठच आहेत की. कॅसेट गेली तरी तुझ्यातून कुठे जाणार?

हे लिहिताना लाज वाटतेय, तरी पाठवते.

तुझी मुंगळी


२४ मार्च, मंगळवार

मुंगळे,

तू स्टेजच्या कडेला उभी होतीस, पण त्या गर्दीत बोलता आलं नाही आणि साहेबांनी तुला लगेच गाडीत घालून नेलं. म्हणून माझ्या बाजूचं लिहिते.

तुझ्या पत्राचा मला राग आला नाही. पायऱ्या चढताना मी तोंडात "हाच, हाच" घोळवतच चढले. एक शब्द, त्याला काय लागतं! मधे ते लोखंडी घमेलं, बाजूला रॉकेलची बाटली, पुढे सगळं गाव. कॅसेट माझ्या हातात. साहेब फार गोड बोलतात गं, मला खुर्ची स्वतः आणून दिली.

मी म्हटलं, "जाळायच्या आधी एकदा लावा. माणसाचंसुद्धा शेवटचं तोंड बघू देतात."

साहेब म्हणाले, अवश्य, दोन्ही दाखवू, लोकांनाही फरक नाही ते कळू दे. हेडमास्तरांनी स्वतःच्या सहीचा कागद स्वतःच फाडला, फार थाटात.

आधी खरी. हे डाव्या हाताने, खाली मान, नाकातून श्वास वाजतोय. "अहो, इकडे बघा की!" "शिवण वाकडी जाईल." बस्स. बावीस मिनिटं नुसती डोक्याची टाळू दिसते. सभागृहात लोक जांभया द्यायला लागले. मग पोस्टकार्डातले. वर बघितलं, हसले, "ये, बस." बायका पदराने, रुमालाने डोळे पुसतायत. साहेबांनी विचारलं, कुठले आजोबा खरे वाटतात? हात वर करा. अगं, सगळे हात दुसऱ्याला! हेडमास्तर उभे राहून म्हणाले, "बाई, हाच जास्त खरा वाटतो."

मी म्हटलं, "चाळीस वर्षं ह्यांच्याबरोबर मी काढली की तुम्ही?"

लोक हसले. साहेबही हसले. म्हणाले, "आजी, पण यात वाईट काय? तुमच्याकडे बघतायत की."

तेव्हासुद्धा मी "हाच" म्हणून टाकलं असतं, तुझ्यासाठी. पण माझं लक्ष गेलं शिवणीकडे. वर बघतायत, हसतायत, आणि हात चाललाय, आणि टाका अगदी सरळ! असला कारागीर अजून जन्मायचाय. मान वर केली की टाका हलतो, गाठ वर राहते आणि टोचते. आणि ती गादी कुणाची होती माहीत आहे? पाळण्याची. तुझी. तू यायला दीड महिना होता. ह्यांनी त्या दिवशी कुणाकडे बघितलं नाही ते त्या गाठीसाठी. तुझ्या पाठीला लागू नये म्हणून बावीस मिनिटं मान वर केली नाही, आणि मी जाळू ते?

कॅसेट काखेत मारली आणि उतरले. साहेब मागून म्हणाले, "मग हे कोण आहेत?"

म्हटलं, "माणूस भला दिसतो. पण माझ्या ओळखीचा नाही."

आता तुझ्या नोकरीचं काय झालं ते खरं खरं लिही. शिवणकाकू माझ्याशी बोलत नाहीत. त्यांना वाटतं मी त्यांच्या सासूबाईंबद्दलच बोलले.

आजी


२८ मार्च

आजी,

गादीचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. पत्र घेऊन जिन्यात बसून राहिले.

मला काढलं नाही. त्याहून विचित्र झालंय. पेपरात मथळा आला, "आजीला नवा नवरा नापसंत", आणि दुसऱ्या दिवसापासून फितींचा पूर लोटला. पोती भरभरून. दाबून झालं की मूळ फिती जाळायच्या असं ठरलंय. काडेपेटीवाल्या व्यंगचित्रकाराने स्वतःच्या वडिलांची फीत पाठवलीय. प्राध्यापकांची तर तीन पार्सलं आली. दाबलं किती, मावलं कसं, हे कुणीच विचारत नाही, चिठ्ठीत फक्त "जमल्यास थोडं हसू द्या".

साहेबांनी मला तक्रार विभागात बसवलंय. तिथे मी एकटी. रोज शंभरेक पत्रं येतात, सगळी आभाराची. मला परत "ती खिडकीजवळची" म्हणायचीही सोय नाही, कारण इथे खिडकीच नाही.

पण बसल्या बसल्या मी नियमांचं पुस्तक वाचलं. तक्रार आली की तिचा निकाल लागेपर्यंत एकही मूळ फीत जाळता येत नाही, कुणाचीच नाही. आणि निकाल द्यायचा तक्रार विभागाने, म्हणजे मी. मला काही घाई नाही.

फक्त तक्रार अजून एकही नाही. पत्र नको, आजी. या वेळी तक्रार लिहून पाठव.

तुझी मुंगळी


३ एप्रिल, शुक्रवार

मुंगळे,

तक्रार वेगळ्या कागदावर लिहिलीय, ती यासोबत. वाचून बघ, चालते का: "माझा नवरा परत आला तो वर बघत होता. न बघणारा पाठवावा." खाली सही केली, आणि शिवणकाकूंनीही केली. हो, बोलायला लागल्या. काल संध्याकाळी स्वतः आल्या. म्हणाल्या, "फितीतल्या सासूबाईंना बघून बघून आता मला भांडायलाच कुणी उरलं नाही हो." मग दोघी बसून खऱ्या सासूबाईंची उणीदुणी काढली, दिवे लागेपर्यंत. इतकं बरं वाटलं त्यांना!

पण त्याच्या आधीची गोष्ट सांगायचीय. काल दुपारीच पांढरे बूट आणि पेटीवाली आली. कुणी बोलावलं नव्हतं. त्या दिवशी सभागृहात मी उतरले तेव्हा सगळे हसत होते, हा एकटा हसला नव्हता, ते माझ्या लक्षात होतं. म्हटलं, माझी कॅसेट न्यायला आला असशील तर चहा घे आणि परत जा.

तो म्हणाला, "नाही आजी. तुम्हाला एक दाखवायचंय." खिशातून पोस्टकार्ड काढलं. कडा मऊ झालेल्या, हाताळून हाताळून. त्याची आई. दोन वर्षांपूर्वी गेली. तो कंपनीत लागला तेव्हा सगळ्यांच्या आधी यानेच आपली फीत दाबून घेतली होती आणि मूळ स्वतःच्या हाताने जाळली होती, कारण लोक विश्वास ठेवत नव्हते.

पेटीवालीने लावलं. स्वयंपाकघर, खिडकी, ओट्यापाशी बाई. मागे वळली, हसली, म्हणाली, "जेवलास का रे?"

तो माझ्याकडे बघत होता, टीव्हीकडे नाही. "आजी, तुम्हाला कळतं," म्हणाला. "ही तीच आहे का, सांगा ना."

मला काय सांगता येणार गं? मी त्या माउलीला कधी बघितलं नाही. "तुला काय वाटतं?" म्हटलं.

"आधी काहीतरी वेगळं म्हणायची, असं वाटतं. पण इतक्यांदा बघितलंय, आता हीच आठवते."

पेटीवाली खाली बघत कापसाचे धागे वळत बसली. मीही सुईत दोरा ओवला, काढला, परत ओवला. मग म्हटलं, "हिच्यावर प्रेम करणारी माणसं उपयोगाची नाहीत, ती सगळी हेच म्हणतील. हिच्याशी कडाडून भांडलेलं कुणी आहे का?"

त्याने विचार केला. "मावशी आहे. दोघी अकरा वर्षं बोलत नव्हत्या. एका भांड्यावरून."

"मग तिला आण. तिला बरोबर कळेल. कुठे काय जास्त गोड झालंय ते ती बोट ठेवून दाखवेल."

"ती यायची नाही, आजी. आईचं नाव काढलं तरी फोन ठेवते."

"म्हणजे तीच हवी," मी म्हटलं. "सांग तिला, तुझ्या बहिणीबद्दल गोड गोड खोटं पसरवलंय लोकांनी, चल, खोडून काढ."

पहिल्यांदा हसला तो. मग तोंड फिरवून बूट झटकत बसला, बराच वेळ. पेटीवाली म्हणाली, मावशींचे गुडघे धड नाहीत, पायऱ्या चढवत नाहीत. म्हटलं, माझं दुकान रस्त्याच्या पातळीला आहे आणि खुर्चीत घालायला गादी मी स्वतः शिवीन, गाठ वर न ठेवता.

येत्या गुरुवारी, नऊ तारखेला दुपारी चारला मावशीला घेऊन येतो म्हणालेत.

आजी